अर्जातला ‘आशियाई’ रकाना आणि आपल्या रक्तातल्या पेशी

गेल्या अंकात याच सदरात ल्युपस या आजाराविषयी लिहिताना एक वाक्य मी जाता जाता लिहून गेलो होतो : ल्युपसमध्ये शरीरातल्या कोणत्या प्रतिकारपेशी अधिक बिथरलेल्या दिसतात, हे काही अंशी रुग्णाच्या पूर्वजांच्या मुळावरही अवलंबून असते. बाकीचा लेख बाजूला राहिला आणि पत्रे आली ती त्या एका वाक्यावर. त्यांतली पाच येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे गाळली आहेत आणि लांबलेली पत्रे आशय न बदलता आवरती घेतली आहेत.

प्रश्न : माझी मुलगी २६ वर्षांची असून हिंजवडीतील एका कंपनीत नोकरी करते. सांधेदुखी, केस गळणे आणि दोन्ही गालांवर उमटणारा लालसर चट्टा यांवरून दीड वर्षापूर्वी तिला ल्युपस असल्याचे निदान झाले. माझे दीर अमेरिकेत असतात. गोऱ्या, कृष्णवर्णीय आणि आशियाई रुग्णांच्या प्रतिकारपेशी वेगवेगळ्या वागतात, अशा आशयाची माहिती त्यांनी पाठवली आहे. तिकडच्या प्रत्येक अर्जात आपल्या लोकांना ‘आशियाई’ या रकान्यात खूण करावी लागते, असेही ते म्हणाले. मग माझ्या मुलीचा आजार अधिक तीव्र समजायचा का? तिची औषधे बदलायला हवीत का? (एक आई, कोथरूड)

उत्तर : ज्या काळजीपोटी तुम्ही पत्र लिहिले आहे, तिचे उत्तर आधी देतो. त्या माहितीवरून मुलीचा आजार तीव्र समजण्याचे काही कारण नाही आणि तिच्या औषधांना हात लावू नये. आजार किती तीव्र आहे हे लघवीतून जाणारी प्रथिने, रक्तदाब, रक्तपेशींची मोजणी, डीएनएविरोधी प्रतिपिंडे आणि सी-३ व सी-४ या प्रथिनांची पातळी यांवरून ठरते, आणि या सगळ्या तपासण्या पुण्यात सहज होतात. दिरांनी पाठवलेल्या माहितीमागचे संशोधन मात्र खरे आहे. त्यात काय सापडले आणि काय सापडलेले नाही, हे नीट वेगळे करून पाहिले पाहिजे.

आपल्या पेशींच्या केंद्रकात डीएनए आणि त्याला बिलगून असलेली प्रथिने असतात. निरोगी शरीरात प्रतिकारशक्ती या ऐवजाकडे दुर्लक्ष करते. ल्युपसमध्ये ती नेमकी त्याच्यावरच उलटते. बी पेशींपासून तयार झालेल्या प्लाझ्मा पेशी त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे बनवत राहतात, टी पेशी त्यांना साथ देतात, आणि मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी इंटरफेरॉनच्या हुकुमाने पेटून उठलेल्या असतात. इंटरफेरॉन म्हणजे विषाणू शिरल्याची दवंडी. संसर्ग संपला की ती थांबायला हवी, पण बहुसंख्य ल्युपस रुग्णांच्या रक्तात ती चालूच असते, हे २००३ मध्ये जनुकांच्या हालचाली मोजणाऱ्या अभ्यासांनी दाखवून दिले.

या बिघाडाचे एक चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हललेले नाही. विद्यार्थिदशेत आम्हांला प्रयोगशाळेतल्या जुन्या काचपट्टीवर ‘एलई सेल’ दाखवली होती. एक पांढरी पेशी, तिचे स्वतःचे केंद्रक कडेला दबून चपटे झालेले, आणि मध्ये जांभळट, गुळगुळीत, एकजिनसी गोळा. तो गोळा म्हणजे तिने गिळलेले दुसऱ्या एका पेशीचे केंद्रक. १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये हारग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पेशी प्रथम नोंदवली. आता ती तपासणी मागे पडली आहे, परंतु ल्युपस म्हणजे काय हे समजावण्यासाठी त्या काचपट्टीइतके सोपे साधन मला आजवर मिळालेले नाही.

हा बिघाड सगळ्या रुग्णांत सारख्याच पेशींतून बोलत नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात आफ्रिकी, युरोपीय आणि अमेरिकेतील मूलनिवासी अशा तीन वंशमुळांच्या १,५६६ ल्युपस रुग्णांच्या रक्तातील जनुकांचे ३४ समूह तपासले गेले. त्यांपैकी २३ समूहांच्या हालचालींवर वंशमुळाचा लक्षणीय परिणाम दिसला. आफ्रिकी मुळाच्या रुग्णांचे वेगळेपण मुख्यतः बी पेशींच्या बिघाडात होते. त्यांच्यात डीएनएविरोधी आणि आरएनपीविरोधी (केंद्रकातील आरएनए व त्याला जोडलेल्या प्रथिनांविरुद्धची) अशी दोन्ही प्रतिपिंडे एकत्र आढळण्याचा कल होता, तर युरोपीय मुळाच्या रुग्णांत केवळ डीएनएविरोधी प्रतिपिंडे आढळण्याचा. दिरांनी पाठवलेली माहिती याच धाटणीच्या कामाविषयीची असावी. आता या तुलनेतले तीन गट पुन्हा एकदा वाचा : आशियाई गट त्यांत नाहीच.

आशियाई रुग्णांचा समावेश असलेला मोठा अभ्यास २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ल्युपसचे १६२ रुग्ण आणि ९९ निरोगी व्यक्ती यांच्या रक्तातील १२ लाखांहून अधिक पेशी एकेक करून तपासल्या. हे लोक आशियाई किंवा युरोपीय मुळाचे होते. रुग्णांच्या मोनोसाइट पेशींत इंटरफेरॉनची खूण ठळक होती, अजून कशाशीही सामना न झालेल्या कोऱ्या सहायक टी पेशी घटलेल्या होत्या, आणि मारक टी पेशींचा एक ठरावीक प्रकार वाढलेला होता. काम उत्तम आहे. पण सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘आशियाई’ म्हटले की डोळ्यांपुढे येतात ती प्रामुख्याने चिनी आणि फिलिपिनो कुटुंबे. तुमच्या दिरांच्या अर्जात चिनी, फिलिपिनो, तमिळ आणि कोकणस्थ अशा सगळ्यांना एकच रकाना असतो. जनुकांना तो रकाना ठाऊक नाही.

आपल्या लोकांविषयी थेट माहिती हवी असेल तर इंग्लंडकडे पाहावे लागते. लेस्टर आणि बर्मिंगहॅम या शहरांत भारतीय उपखंडातून गेलेल्यांची मोठी वस्ती आहे. १९९० च्या दशकातील पाहण्यांत तेथील दक्षिण आशियाई लोकांत ल्युपसचे प्रमाण गोऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळले. याउलट १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दिल्लीजवळच्या ग्रामीण पाहणीत सुमारे ९२ हजार लोकवस्तीत ल्युपसचे अवघे ३ रुग्ण सापडले, म्हणजे लाखामागे सुमारे ३. पूर्वज बरेचसे एका उपखंडातले, आणि आकड्यांत एवढी तफावत. माझ्या मते यातला मोठा भाग निदान होण्या-न होण्याचा आहे : जिथे तपासणीच पोहोचत नाही तिथे रुग्णही मोजला जात नाही. उरलेल्या भागात ऊन, संसर्ग, राहणीमान आणि स्थलांतर यांचा वाटा असू शकेल.

गटाची सरासरी म्हणजे गटातल्या प्रत्येकाचे भविष्य नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. कात्रजला धो धो पाऊस असतो तेव्हा लोहगावचा रस्ता कोरडा असू शकतो, आणि दोन्ही पुण्यातच मोडतात. तुमच्या मुलीने दर तीन महिन्यांनी केलेली लघवीची तपासणी तिच्याविषयी जे सांगेल, ते १,५६६ परक्या रुग्णांची सरासरी सांगू शकणार नाही.

प्रश्न : मोठ्या बहिणीला ल्युपस आहे. माझे लग्न ठरत आहे. पूर्वजांचा संबंध असतो असे तुमच्या लेखात वाचल्यापासून आमच्या घराण्यातच हा आजार आहे अशी कुजबुज सुरू झाली. मला तपासणी करून घ्यावी लागेल का? (एक वाचक, हडपसर)

उत्तर : पूर्वजांचे मूळ आणि घराणे या दोन गोष्टींची येथे गल्लत झाली आहे. वंशमूळ म्हणजे शेकडो पिढ्यांपूर्वीच्या मोठ्या लोकसमूहांकडून आलेला वारसा. घराण्यातला धोका म्हणजे सख्ख्या नात्यातला. तो सर्वसामान्यांपेक्षा थोडा अधिक असतो हे खरे, परंतु मुळात हा आजारच विरळ असल्यामुळे बहुतेक सख्ख्या भावंडांना तो कधीही होत नाही. जुळ्या भावंडांच्या एका अभ्यासात, एकसारखी जनुके असलेल्या जोडीतील एकाला ल्युपस असताना दुसऱ्यालाही असल्याचे प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्याएवढे होते. जनुके तंतोतंत तीच असूनही बहुतेक जोड्यांतले दुसरे भावंड सुटले होते. तुम्हांला काही त्रास नसेल तर एएनए, म्हणजे केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडे शोधणारी, तपासणी करू नका. अनेक निरोगी माणसांतही ती सकारात्मक येते, आणि मग त्या कागदावरून लग्नघरात नसता घोळ उभा राहतो. ल्युपस संसर्गजन्य नाही, हे कुजबुजणाऱ्यांना जरूर सांगा.

प्रश्न : मी गणेशखिंड परिसरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकते. वंशमुळाप्रमाणे पेशींच्या हालचाली बदलतात असे आपण लिहिले आहे. हे नेमके मोजतात कसे? आणि सापडलेला फरक जनुकांमुळे आहे, परिस्थितीमुळे नाही, हे कशावरून ठरवतात? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : दुसऱ्या प्रश्नातच सगळा कस आहे. तरी पहिल्यापासून सुरुवात करू.

गोठू नये म्हणून औषध घातलेल्या नळीत रक्त घेतात आणि ते एका दाट द्रावणावर, नळीच्या कडेने, थेंब थेंब सोडतात. हात हलला तर दोन्ही मिसळतात आणि नमुना वाया जातो. नळी यंत्रात फिरवून बाहेर काढली की तळाशी लाल पेशी, वर पिवळसर द्रव आणि मधोमध दुधाळ, धुक्यासारखे एक पातळ कडे दिसते. ते कडे म्हणजेच आपल्याला हव्या असलेल्या पेशी : मोनोसाइट, बी आणि टी. पूर्वी त्या सगळ्यांचा एकत्र अर्क काढून जनुकांची हालचाल मोजत असत. त्या पद्धतीत एखाद्या जनुकाचा आवाज वाढला तर बी पेशी जोरात बोलत आहेत की नुसत्या संख्येने वाढल्या आहेत, हे कळत नसे. आता प्रत्येक पेशी तेलातल्या सूक्ष्म थेंबात अडकवून तिच्यातील आरएनएला स्वतंत्र खूणक्रमांक देतात आणि नंतर प्रत्येक पेशीचा हिशेब वेगळा मांडतात. १२ लाख पेशींचा आकडा याच पद्धतीतून येतो. वंशमूळ ठरवताना केवळ ‘तुम्ही कोण’ असे विचारून थांबत नाहीत. डीएनएवरील लाखो ठिकाणचे फरक पाहून कोणत्या लोकसमूहांशी किती साम्य आहे याचा अंदाज घेतात. बहुतेक माणसांत हे उत्तर मिश्र येते, आणि ते टक्क्यांत असते.

आता जनुके की परिस्थिती. जनुकांच्या बाजूने सर्वांत भक्कम पुरावा आजाराबाहेरून येतो. २०१६ मध्ये माँट्रियलमधील संशोधकांनी आफ्रिकी आणि युरोपीय मुळाच्या निरोगी अमेरिकी व्यक्तींच्या रक्तापासून मॅक्रोफेज, म्हणजे जिवाणू गिळणाऱ्या, पेशी वाढवल्या आणि त्यांना लिस्टेरिया व साल्मोनेला या जिवाणूंची लागण केली. आफ्रिकी मुळाच्या व्यक्तींच्या पेशींनी दाहाची प्रतिक्रिया अधिक जोरात दिली आणि जिवाणूंची वाढ अधिक चांगली रोखली. या फरकाचा बराच भाग ठरावीक जनुकबदलांशी जोडता आला.

असे का झाले असावे, याचा अंदाज पूर्वजांच्या साथींच्या इतिहासातून बांधता येतो. बी पेशींना आवर घालणाऱ्या एका ग्राहीच्या जनुकात, एफसीजीआर-२बीमध्ये, एक बदल आढळतो. तो असेल तर आवर ढिला पडतो, ल्युपसचा धोका वाढतो आणि मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून संरक्षण मिळते. आफ्रिका आणि आग्नेय आशियातील लोकांत तो युरोपीयांपेक्षा अधिक आढळतो. एपीओएल-१ या जनुकाचे दोन प्रकार आफ्रिकेतील निद्रारोगाच्या परजीवीविरुद्ध उपयोगी पडले म्हणून तेथे पसरले. आज तेच प्रकार, दोन्ही पालकांकडून आले असतील तर, ल्युपसने दुखावलेले मूत्रपिंड निकामी होण्याचा धोका वाढवतात. पणजोबांना ज्याने तारले तेच पणतीला नडते, असा हा हिशेब आहे. एपीओएल-१चे हे प्रकार अलीकडच्या आफ्रिकी मुळाच्या लोकांतच आढळतात, त्यामुळे आपल्याकडच्या रुग्णांच्या मूत्रपिंडविकाराला ते लावता येत नाहीत.

आता दुसरी बाजू. स्टिरॉइडची गोळी घेतली की रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेल्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि लिम्फोसाइट पेशी, म्हणजे बी आणि टी, घटतात. हे कोणत्याही वंशमुळाच्या माणसात घडते. आधी सांगितलेल्या २०२० च्या अभ्यासातही प्रचलित औषधांचा परिणाम प्रत्येक जनुकसमूहावर दिसला होता. समजा, एका गटाला परिस्थितीमुळे उशिरा उपचार मिळाले, म्हणून आजार बळावला, म्हणून अधिक स्टिरॉइड द्यावे लागले. अशा वेळी दिसणारा पेशींचा फरक पूर्वजांचा म्हणायचा की गोळीचा? अमेरिकेत १९९४ मध्ये सुरू झालेल्या ल्युमिना या अभ्यासाच्या नावातच ‘निसर्ग विरुद्ध परिस्थिती’ हा प्रश्न होता, आणि त्यात गरिबीचा मृत्यूशी असलेला संबंध स्पष्ट दिसला. कृष्णवर्णीय रुग्णाच्या मूत्रपिंडाला झालेली इजा पाहून ‘जनुकेच तशी’ असे म्हणणे सोपे असते, कारण मग विम्याचा, दवाखान्याच्या अंतराचा आणि बुडालेल्या रोजगाराचा हिशेब कोणाला द्यावा लागत नाही.

म्हणून शोधनिबंध हातात पडला की निष्कर्षाआधी त्यातला रुग्णांचा तक्ता काढावा. प्रत्येक गट किती वर्षे आजारी आहे, कोणती औषधे किती मात्रेत घेतो आणि निरोगी व्यक्ती त्याच वंशमुळाच्या घेतल्या आहेत का, हे पाहावे. यांतले शेवटचे नसेल, तर निबंधातला फरक ल्युपसचा नसून निरोगी माणसांतही असणारा साधा फरक असू शकतो.

प्रश्न : ‘वंश’ हा शब्द वैद्यकशास्त्रात पुन्हा आलेला पाहून मी अस्वस्थ झालो. चाळीस वर्षे इतिहास शिकवल्यामुळे या शब्दाने काय काय घडवले ते मी जाणतो. उद्या जातीवरून औषधे ठरू लागली तर? (एक निवृत्त शिक्षक, सहकारनगर)

उत्तर : तुमची अस्वस्थता रास्त आहे, आणि आमच्या पेशातल्या सगळ्यांना ती असती तर बरे झाले असते. जुना ‘वंश’ माणसांचे चार-पाच ठोकळे पाडून त्यांना उतरंडीत बसवत असे. येथे अभिप्रेत असलेले वंशमूळ ठोकळ्यांचे नाही, मिश्रणाचे आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपणच आहोत. २००९ पासूनच्या जनुकीय अभ्यासांनुसार भारतातील जवळजवळ सर्व समूह प्राचीन लोकसमूहांच्या मिश्रणातून, निरनिराळ्या प्रमाणांत, घडले आहेत. २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राखीगढी येथील हडप्पाकालीन सांगाड्यातील डीएनएवरचा निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा त्या मिश्रणातला एक जुना धागा प्रत्यक्ष हाती आला. साधारण ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीच्या काळात हे समूह मोठ्या प्रमाणावर मिसळले आणि पुढे जातीअंतर्गत विवाहांनी दारे लावून घेतली, असे जनुकांवरून दिसते.

दारे लावून घेतल्याचे परिणाम वैद्यकात दिसतात हेही लपवता येणार नाही. वैश्य समाजातील काही व्यक्तींत एका विकराची कमतरता आढळते. भूल देताना वापरले जाणारे एक स्नायू शिथिल करणारे औषध त्यांच्या शरीरातून लवकर उतरत नाही. भूलतज्ज्ञ याबद्दल जागरूक असतात, आणि ते योग्यच आहे. पण हा एका जनुकाचा मामला. ल्युपसशी निगडित असलेल्या जनुकस्थानांची संख्या आता शंभराच्या वर गेली आहे, आणि त्यांपैकी बहुतेकांचा वाटा चिमूटभर असतो. एवढ्या चिमटींची गोळाबेरीज आडनावावरून करणे हा अडाणीपणा होईल. माझ्या ओपीडीत मी रुग्णाला जात विचारत नाही. मूळ गाव, शिक्षण, दवाखान्यापर्यंतचे अंतर आणि औषधांचा खर्च कोण करते हे मात्र विचारतो, कारण पुढच्या वर्षी तिचे मूत्रपिंड कसे असेल याचा अंदाज मला त्या उत्तरांवरून अधिक येतो.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगेन. वंशमुळाचा अभ्यास नको म्हणणे म्हणजे आपल्या रुग्णांना युरोपीय सरासरीच्या हवाली करणे. ल्युपसवरील बेलिमुमॅब या औषधाला २०११ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, तेव्हा चाचण्यांत कृष्णवर्णीय रुग्ण इतके थोडे होते की त्यांच्यात ते चालते का, हा प्रश्न लोंबकळतच राहिला. पुढे खास त्यांच्यासाठी वेगळी चाचणी घेतली गेली आणि तिचे मुख्य उद्दिष्टही साध्य झाले नाही. जिनोम इंडिया प्रकल्पात ८३ भारतीय समूहांतील सुमारे १० हजार व्यक्तींच्या जनुकसंचाचे वाचन झाले असून २०२५ च्या जानेवारीत ती माहिती संशोधकांना खुली करण्यात आली. आपल्याच गणेशखिंडीत राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. भारतीय ल्युपस रुग्णांच्या पेशींचे एकेक करून वाचन येथे झाले, तर पहिल्या पत्रातील आईला पुढच्या खेपेला सॅन फ्रान्सिस्कोची उदाहरणे द्यावी लागणार नाहीत.

प्रश्न : मला ल्युपस होऊन सहा वर्षे झाली. पहिल्यापासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन चालू आहे. मध्यंतरी अझाथायोप्रिन सुरू केल्यावर तीन आठवड्यांत पांढऱ्या पेशी एकदम खाली आल्या आणि ते थांबवावे लागले. माझ्याबरोबर तपासणीला येणाऱ्या दुसऱ्या एका बाईंना तीच गोळी व्यवस्थित मानवते. याचाही पूर्वजांशी संबंध असतो का? (एक रुग्ण, चिंचवड)

उत्तर : असू शकतो, आणि सगळ्या पत्रांत हाच एक प्रश्न असा आहे की ज्याच्या उत्तराचा उपयोग उद्या सकाळी होईल.

अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्तीला आवर घालणारे औषध. त्याचे शरीरात जे रूपांतर होते ते निकामी करण्याचे काम काही विकरे करतात. त्यांतले टीपीएमटी हे विकर अनेक वर्षांपासून माहीत आहे. औषध देण्याआधी ते तपासावे असे पाश्चात्त्य पुस्तकांत असते आणि आम्हीही तेच पाठ केले. परंतु टीपीएमटीमधील दोष युरोपीयांत जेवढा आढळतो तेवढा आपल्याकडे आढळत नाही. २०१४ मध्ये कोरियातील संशोधकांनी आतड्याच्या दाहाच्या रुग्णांत एनयूडीटी-१५ या दुसऱ्या जनुकातील बदल शोधून काढला. पांढऱ्या पेशी झपाट्याने घसरण्याचे कारण तेथे सापडले, आणि भारतीय रुग्णांतही टीपीएमटीपेक्षा हाच बदल अधिक महत्त्वाचा ठरतो. टीपीएमटी ठीक असल्याचा अहवाल हातात घेऊन निर्धास्त राहिलेल्या रुग्णाच्या पेशी कोसळतात, त्या अशा. शेजारच्या बाईंत हा बदल नसेल, म्हणून त्यांना गोळी मानवते. तुमच्यात तो आहे की नाही हे रक्ताच्या एका तपासणीने कळते. डॉक्टरांशी बोलून ती करून घ्या आणि निकाल काहीही आला तरी फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. गाउटसाठी दिल्या जाणाऱ्या अलोप्युरिनॉलबरोबरही अझाथायोप्रिन धोक्याचे ठरते. तेव्हा त्या काळात अशी गोळी कोणी दिली होती का, हेही आठवून पाहा.

पेशी कमी दिसण्याची आणखी एक वंशमुळाशी निगडित गोष्ट आहे, पण ती आपली नव्हे. आफ्रिकी आणि काही अरब मुळांच्या लोकांत डफी नावाच्या एका प्रथिनाच्या अभावामुळे रक्तातील न्यूट्रोफिल मुळातच कमी असतात आणि त्याने काही बिघडत नाही. तुमच्या पेशी औषधाआधी ठीक होत्या आणि नंतर घसरल्या, त्यामुळे तुमच्याबाबत तो विचार करण्याचे कारण नाही. अगदी अलीकडच्या आकड्यापेक्षा आधीचा आणि नंतरचा असे दोन आकडे शेजारी ठेवून पाहणे अधिक उपयोगाचे.

हायड्रॉक्सिक्लोरोक्विन बंद करू नका. ल्युपसमध्ये इतके जुने, इतके स्वस्त आणि इतके उपयोगी औषध दुसरे नाही. त्याची दिवसाची मात्रा वजनाच्या दर किलोमागे ५ मिलिग्रॅमच्या आत असावी आणि पाच वर्षांनंतर दर वर्षी डोळ्यांचा पडदा तपासावा, हा नियम तुम्हांला ठाऊक असेलच. तुमची पाच वर्षे उलटून गेली आहेत. या औषधाने पडद्याला होणारी इजा युरोपीय रुग्णांत सहसा दृष्टीच्या मध्यबिंदूला लागून सुरू होते, म्हणून नेहमीची तपासणी मधला छोटा भागच पाहते. आशियाई रुग्णांत ही इजा पुष्कळदा त्या बिंदूपासून जरा दूर, बाहेरच्या वर्तुळात सुरू होते, असे २०१५ मध्ये लक्षात आले, आणि पुढच्या वर्षी अमेरिकी नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेने आशियाई रुग्णांसाठी अधिक रुंद भागाची तपासणी सुचवली. ‘आशियाई’ या ढोबळ रकान्यावर मी वर पुष्कळ टीका केली आहे; येथे मात्र त्याचा फायदा घ्यायला हरकत नाही, कारण रुंद भाग पाहिल्याने नुकसान कोणाचेच होत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना गोळी सुरू केल्याची तारीख, रोजची मात्रा आणि तुमचे आजचे वजन एका कागदावर लिहून न्या, आणि डोळ्यांत थेंब घालण्याआधीच सांगा की मधल्या भागाबरोबर बाहेरचा भागही पाहायचा आहे.